ग्रीसहून येणाऱ्या पाहुण्या पीएचडीवाल्यांसाठी : परदेशी विद्यापीठांतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार सर, मॅडम, आणि पोस्टडॉक, लॅब मॅनेजर, ऑफिसात काम करणारे सगळे मित्रमैत्रिणी,

हे पत्र मराठीत लिहितेय कारण ते तुमच्यासाठीच आहे. म्युनिक, डेल्फ्ट, झुरिक, लंडन, बोस्टन, कुठल्याही मोठ्या विद्यापीठात डिपार्टमेंटच्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलं की एखादे कुलकर्णी, एखादे पाटील, एखाद्या कांबळे मॅडम सापडतातच, आणि वीस वर्षांपूर्वी आपण तिथे विद्यार्थी म्हणून होतो, आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे सही करायचा अधिकार आहे. कुणाला बोलवायचं, कुणाला डेस्क द्यायचं, कुणाच्या पत्राला उत्तर द्यायचं हे तुम्ही ठरवता. मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात रिसर्च ग्रुपची कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे पाहुणे संशोधक येतात तेव्हा त्यांची चावी, अकाउंट, इन्शुरन्सचे कागद हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. ग्रीसहून पीएचडी करणारी मुलंमुली आमच्याकडे नेहमी येतात, कधी तीन महिने, कधी सहा, कधी वर्षभर, आणि त्यांचे जे हाल होतात ते टाळता येण्यासारखे असतात, म्हणून बोलावंसं वाटलं.

आधी ही मुलं कोण ते सांगते, कारण आपल्याकडे पक्का समज आहे की युरोपातली पीएचडी म्हणजे नोकरी, महिन्याला पगार. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये बऱ्याच अंशी आहेच तसं. ग्रीसमध्ये नाही. तिथे सरकारी विद्यापीठात पीएचडीला फी नसते, ही खरंच मोठी गोष्ट आहे, पण पगार असेलच असंही नाही, आणि खूप जणांना तो नसतो. कायद्याने कमीत कमी तीन वर्षं, वर तीन प्राध्यापकांची सल्लागार समिती, शेवटी सात जणांसमोर बसून प्रबंधाचा बचाव करायचा. आणि या सगळ्या काळात पोट कसं भरायचं ते ज्याचं त्याने बघायचं. शिष्यवृत्त्या आहेत, नाही असं नाही. आयकेवाय ही सरकारी शिष्यवृत्ती संस्था १९५१ पासून आहे, ओनासिस आणि बोदोसाकी ही फाउंडेशन्स आहेत, २०१६ साली एलिदेक नावाची संशोधनाला पैसे देणारी संस्था युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या कर्जाचा आधार घेऊन उभी राहिली आणि तिने पीएचडीवाल्यांनाही पैसे दिले. पण अर्ज ढीगभर आणि जागा मोजक्या. ज्यांना मिळत नाही ते संध्याकाळी फ्रोंटिस्टिरिओत शिकवतात, म्हणजे आपले क्लासेसच, तिथेही विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी पोरं शाळा सुटली की क्लासला पळतात. सकाळी प्रबंध, संध्याकाळी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स नाहीतर प्राचीन ग्रीक, उन्हाळ्यात एखाद्या बेटावरच्या हॉटेलात काम.

यात आकड्यांचीही एक बाजू आहे. आज जे पंचवीस-सत्तावीस वर्षांचे आहेत ते २०१२ साली शाळेत होते, त्या वर्षी कर्जाच्या संकटात ग्रीसमध्ये महिन्याचा किमान पगार ७५१ युरोवरून ५८६ वर आणला गेला, पंचवीसच्या आतल्यांसाठी तर ५११. २०१५ च्या उन्हाळ्यात बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळायचे, त्या रांगेत यांचे आईवडील उभे होते. १ एप्रिल २०२५ ला किमान पगार ८८० युरो झाला. म्हणजे गाडी रुळावर येतेय, मान्य आहे, पण ज्या घरात सगळी बचत त्या वर्षांत संपली तिथून पोरीला "तू जा म्युनिकला, डिपॉझिट आम्ही भरतो" असं म्हणणारं कुणी असेल असं गृहीत धरू नका. आणि आपली सगळी सिस्टिम नेमकं तेच गृहीत धरते, माझं सगळं म्हणणं यातच आलं.

आता ही मुलं येतात कशाला. घरी काही मिळत नाही म्हणून येतात असं नाही, जर्नल्स वगैरे त्यांच्या विद्यापीठांना हील-लिंक नावाच्या कन्सोर्टियममधून, म्हणजे ग्रंथालयांच्या एकत्रित गटातून, मिळतात, आणि शिक्षक तर चांगलेच आहेत. येतात कारण काही गोष्टी त्यांच्या देशात नाहीतच. क्रीटचंच घ्या. हे बेट १२११ पासून १६६९ पर्यंत, साडेचारशे वर्षं, व्हेनिसच्या ताब्यात होतं. शेवटची एकवीस वर्षं ऑटोमन, म्हणजे तुर्की, सैन्याने कँडिया शहराला, म्हणजे आजच्या हेराक्लिओनला, वेढा घातला होता, आणि १६६९ च्या सप्टेंबरमध्ये शहर पडलं तेव्हा व्हेनिसचे लोक जाताना कारभाराची दप्तरं बरोबर घेऊन गेले. (आपल्याकडे त्याच सुमाराला शिवाजी महाराज पुरंदरच्या तहात दिलेले किल्ले परत घ्यायच्या तयारीत होते, इतकं ते जवळचं आहे काळाने.) ती दप्तरं आजही व्हेनिसच्या सरकारी आर्काइव्हमध्ये आहेत. त्यात क्रीटच्या ड्यूकच्या, म्हणजे व्हेनिसने नेमलेल्या गव्हर्नरच्या, कचेरीचे कागद आहेत, आणि नोटरींचे कागद आहेत, मृत्युपत्रं, हुंडा, वाइनचे सौदे, कुणी आपल्या पोराला कुठल्या कारागिराकडे शिकायला ठेवलं त्याचे करार. एल ग्रेको, म्हणजे दोमेनिकोस थेओतोकोपुलोस, कँडियातच १५४१ साली जन्मला, आणि क्रीट सोडायच्या आधीच तो उस्ताद चित्रकार म्हणून ओळखला जात होता हे कळलं ते अशाच एका १५६६ सालच्या कागदावरून. तेव्हा क्रीटमधल्याच रेथिम्नोच्या विद्यापीठात बसून क्रीटच्या सोळाव्या शतकातल्या बायकांच्या मालमत्तेवर प्रबंध लिहायचा तर व्हेनिसला जावंच लागतं, दुसरा रस्ताच नाही.

आपल्याला हे समजायला अजिबात अवघड नाही. मराठ्यांचा इतिहास लिहायला पुण्यातलं पेशवे दफ्तर लागतं तसं पणजीतलं पोर्तुगीज दफ्तर लागतं, लिस्बनचं तोर्रे दो तोंबो, म्हणजे पोर्तुगालचं राष्ट्रीय दफ्तर, लागतं, लंडनची ब्रिटिश लायब्ररी लागते. इतिहासकार पिसुर्लेकरांनी गोव्यातली पोर्तुगीज कागदपत्रं वाचली नसती तर मराठे-पोर्तुगीज संबंधांबद्दल आपल्याला निम्मंही कळलं नसतं. ग्रीक सरकारने या बाबतीत एक शहाणपण केलंय, व्हेनिसमध्ये ग्रीकांच्या जुन्या चर्चजवळ, सान जॉर्जो देई ग्रेची म्हणतात त्याला, स्वतःची संशोधन संस्था ठेवलीय, बायझंटाइन, म्हणजे मध्ययुगीन ग्रीक साम्राज्याच्या, आणि त्यानंतरच्या काळाच्या अभ्यासासाठी, आणि तिथे शिष्यवृत्ती घेऊन तरुण संशोधक आर्काइव्हमध्ये बसतात. पण सगळ्यांचं काम व्हेनिसला नसतं. कुणाला पॅरिसची हस्तलिखितं हवीत, कुणाला व्हॅटिकनची, कुणाला वॉशिंग्टनमधली डंबार्टन ओक्स ही बायझंटाइन अभ्यासाची संस्था, कुणाला इस्तंबूलची ऑटोमन दप्तरं. विज्ञानवाल्यांना मशीन हवं असतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या बारा संस्थापक देशांत ग्रीस होता, १९५४ साली, आणि आजही अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये नाव नोंदवलेली मुलं जिनिव्हाला जाऊन काम करतात आणि डिग्री मात्र अथेन्सची घेतात.

डिग्री घरची आणि काम बाहेर, हा प्रकार आपल्याकडेही आहेच. अमेरिकेच्या फुलब्राइट योजनेतली फुलब्राइट-नेहरू ही पीएचडीवाल्यांची फेलोशिप तुमच्यापैकी कुणी घेतलीही असेल, भारतातल्या विद्यापीठात नाव असलेल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत. ग्रीसचं फुलब्राइट त्याहून जुनं, १९४८ सालचं, युरोपातलं सगळ्यात पहिलं, आणि त्यांच्याकडेही ग्रीक विद्यापीठातल्या पीएचडीवाल्यांसाठी अशीच व्हिजिटिंगची सोय आहे. युरोपच्या आत इरास्मस ही युरोपियन युनियनची देवाणघेवाणीची योजना आहे, २०२१ पासून त्यात पीएचडीवाल्यांना पाच ते तीस दिवसांसाठीही जाता येतं आणि दोन ते बारा महिन्यांसाठीही. शिष्यवृत्त्या देणारं जर्मनीचं डाड आहेच.

आता पैशांबद्दल, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण सगळ्यात जास्त त्रास इथेच आहे. यातल्या खूपशा योजनांत पैसे हप्त्याने येतात. इरास्मसमध्ये साधारण मोठा हप्ता आधी आणि उरलेला परत आल्यावर, रिपोर्ट दिल्यावर. काही ठिकाणी तर आधी स्वतः खर्च करा, बिलं ठेवा, मग बघू. ज्याच्या खात्यात चार पैसे आहेत त्याला याचं काही वाटत नाही. पण क्लासमध्ये शिकवून महिना काढणारी मुलगी इथे उतरते तेव्हा पहिल्या आठवड्यात तिच्यापुढे काय असतं बघा. खोली. जर्मनीत घरमालक कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतो. वर पहिल्या महिन्याचं भाडं. वर शहराच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा तर घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, आणि थोड्या महिन्यांसाठी खोली देणारे बरेच जण ते पत्र द्यायला का कू करतात. विद्यार्थ्यांच्या होस्टेलला अर्ज करावा तर आमच्याकडे नाव नोंदवलेलं नाही म्हणून नाही. स्टाफच्या गेस्टहाउसला विचारावं तर पगारावर नाही म्हणून वेटिंगमध्ये शेवटी. स्टुडंटचं बस-रेल्वेचं तिकीटही नाही. अक्षरशः त्रिशंकू, ना विद्यार्थी ना नोकर.

एका मुलीचं सांगते, नाव-गाव काही देत नाही. ती आमच्याकडे आली तेव्हा पहिला हप्ता यायचा होता, का अडकला तर पाठवणाऱ्यांना आमचं 'ही आली' असं पत्र हवं होतं, आणि आमच्याकडे ते पत्र सिस्टिममध्ये पाहुण्यांचा नंबर तयार झाल्याशिवाय निघत नव्हतं, आणि नंबर तयार व्हायला पत्ता हवा होता, आणि पत्ता मिळायला डिपॉझिट, आणि डिपॉझिट भरायला तो हप्ता. मी हे कागदावर गोल काढून आमच्या वरच्या ऑफिसला दाखवलं. तोवर ती शहराबाहेर एका ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपत होती, सकाळी ट्रेनने यायची, नऊ वाजता डेस्कवर हजर, आणि कुणाला काही बोलली नाही. ग्रुपच्या मीटिंगमध्ये तिला दोनदा विचारलं गेलं की काम हळू का चाललंय.

हे सोडवायला फार मोठं काही लागत नाही हो. 'आली' असं पत्र ती आली त्या दिवशी द्या, प्राध्यापकाच्या सहीने, साध्या लेटरहेडवर, बहुतेक ठिकाणी तेवढं चालतं. ग्रुपच्या पैशातून ॲडव्हान्स देता येतो का ते तुमच्या अकाउंट्सवाल्यांना ती यायच्या दोन महिने आधी विचारा, आल्यावर नाही. जर्मनीत डिपॉझिट तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे, हे नव्या माणसाला माहीतच नसतं आणि घरमालक काही सांगत नाही, तेव्हा तुम्ही सांगा. आणि कुणी म्हणालं की ग्रीक बँकेचं खातं चालणार नाही, जर्मनच हवं, तर ते चुकीचं आहे, युरोच्या व्यवहारात कुठल्याही सदस्य देशाचं आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय नंबर, चालायलाच हवं असा युरोपचा नियम आहे, त्यांना तो दाखवा. अमेरिकेतल्या मंडळींकडे वेगळे प्रश्न, जे-वन व्हिसाचे, म्हणजे पाहुण्या संशोधक-विद्यार्थ्यांच्या व्हिसाचे, कागद. शॉर्ट-टर्म स्कॉलर म्हणून आणलंत तर सहा महिन्यांची मर्यादा आहे आणि ती वाढत नाही, त्यामुळे काम आठ महिन्यांचं असेल तर कॅटेगरी सुरुवातीलाच नीट निवडा, नंतर रडून उपयोग नसतो.

आता जरा नाजूक विषय. आपल्यातले बरेच सर प्रेमानेच म्हणतात, "परत कशाला जातेस, इथेच पूर्ण पीएचडी कर, मी घेतो तुला." त्यात वाईट हेतू नसतो. पण ग्रीसमध्ये या गोष्टीला किती धार आहे ते माहीत असू द्या. डिसेंबर १९४५ मध्ये मातारोआ नावाचं जहाज पिरेयस बंदरातून निघालं, त्यात अथेन्सच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्त्यांवर पाठवलेले तरुण होते, देश यादवीच्या तोंडावर होता. पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला कोर्नेलिउस कास्तोरियादिस त्यातच होता, पॅरिसला डॉक्टरेट करायला म्हणून निघालेला, कोस्तास अक्सेलोस होता, कोस्तास पापायोआनू होता. तिघेही फ्रान्समध्येच राहिले आणि तिथे नाव झालं. मग २००८ नंतरचा काळ, बँक ऑफ ग्रीसच्याच अभ्यासानुसार २०१३ पर्यंत सव्वाचार लाखांहून जास्त माणसं देश सोडून गेली, आणि त्यात शिकलेली तरुण माणसं भरपूर. आता सरकार परत येणाऱ्यांना सात वर्षं अर्ध्या उत्पन्नावर टॅक्स माफ करतंय, इतकी त्यांना माणसं परत हवी आहेत. व्हिजिटिंग फेलोशिप मला म्हणूनच फार मोलाची वाटते, यात माणूस जातो आणि येतो, शिकलेलं घरी पोचतं, तिथल्या ज्युनिअर मुलांना मिळतं. कुणाला राहायचंच असेल तर तो तिचा निर्णय, आपण बोलणारे कोण, आपणही राहिलोच की. पण सहा महिन्यांच्या पाहुणीला रोज भरीला घालू नका. आणि फुलब्राइटवर आलेल्यांना तर काही प्रकारचे व्हिसे मिळायच्या आधी दोन वर्षं मायदेशी राहावंच लागतं, त्यांना खोटी आशा दाखवणं म्हणजे नुसता मनस्ताप.

दुसरं, जेवायच्या टेबलावरचं बोलणं. २०१० च्या आसपास इथल्या पेपरांनी आळशी ग्रीक, उधळे ग्रीक असं जे काही छापलं ते अजून लोकांच्या डोक्यात आहे, आणि वाईट वाटतं सांगायला, आपली माणसंही ते जोक मारतात. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचे आकडे उघडून बघा, वर्षाला सरासरी सगळ्यात जास्त तास काम करणाऱ्या युरोपीय देशांत ग्रीस आहे आणि सगळ्यात कमी तासांत जर्मनी. आपल्याला कुणी "तुमच्याकडे सगळे कॉल सेंटरमध्येच ना" म्हटलं की कसं लागतं? तसंच आहे हे. आणि त्यांचा ईस्टर बऱ्याचदा वेगळ्या तारखेला असतो. २०२४ मध्ये इथला ३१ मार्चला होता आणि त्यांचा ५ मेला. त्यांच्याकडे तो दिवाळीसारखाच घरी जायचा सण आहे, तेव्हा त्या आठवड्यात प्रेझेंटेशन ठेवू नका, विचारून घ्या. दिवाळीच्या दिवशी ऑफिसात बसून फोनवर घरचा फराळ बघितलेल्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

काम संपताना काय होतं तेही सांगायचंय. पाहुण्याचं अकाउंट ज्या तारखेपर्यंत, त्या रात्री बारा वाजता बंद. लायब्ररी बंद, सर्व्हर बंद, तिने स्वतः चालवलेल्या प्रयोगाचा डेटाही बंद. शेवटच्या दोन रात्री मुलं झोपत नाहीत, नुसती फाइल्स उतरवत बसतात, हार्डडिस्क भरते, मग माझ्याकडे येतात, ताई, अजून एक डिस्क मिळेल का. हा प्रबंध पुढे दीड-दोन वर्षं लिहायचा असतो तिला, तेव्हा अकाउंट वर्षभर वाढवून द्या, आयटीला एक फॉर्म भरायचा असतो, खर्च शून्य. पेपर निघाला तर तिचं नाव त्यावर असेल का आणि कुठल्या जागी असेल, हे ती जायच्या आधी लिहून ठेवा, ईमेलमध्ये का होईना, कारण ती गेल्यावर तिच्या जागी दुसरं कुणी येतं आणि सहा महिन्यांनी कुणालाच काही आठवत नाही. तिच्या विद्यापीठाचं नावही पत्त्यात यायलाच हवं, पात्रा असो नाहीतर योआनिना, त्या डिपार्टमेंटला पुढच्या निधीसाठी त्याचाच आधार असतो. आणि तिथल्या तीन जणांच्या समितीला एक पानभर पत्र लिहा, मुलीने इथे काय केलं, काय शिकली, काय राहिलं. मुलग्यांच्या बाबतीत तारखांची पत्रं नीट द्या, कारण त्यांना सक्तीची लष्करी सेवा असते आणि शिक्षणासाठी ती पुढे ढकललेली असते, तिथल्या ऑफिसला प्रत्येक महिन्याचा हिशोब हवा असतो.

एवढं सगळं जमलं नाही तरी एक गोष्ट आत्ता करा. निमंत्रणाच्या ईमेलला उत्तर द्या. नाही म्हणायचं तर नाही म्हणा, पण द्या. हो म्हणत असाल तर पत्रात तारखा घाला, डेस्क मिळेल का ते लिहा, कुठल्या मशीनवर किंवा कुठल्या संग्रहात काम करू द्याल ते लिहा, नुसतं 'आम्हाला आनंद होईल' याला फेलोशिप देणाऱ्या कमिटीत काही किंमत नसते. आणि मेल जुलैत आला तर जुलैतच उत्तर पाठवा. ऑगस्टमध्ये ग्रीक विद्यापीठांची ऑफिसं आठवडेच्या आठवडे बंद असतात, सही-शिक्का मारायला तिथे कुणी नसतं, आणि तुमचं पत्र एक ऑगस्टला पोचलं तर ते सप्टेंबरपर्यंत तसंच पडून राहतं, तोवर अर्जाची तारीख निघून गेलेली असते.

तुमची,
विद्यापीठाच्या ऑफिसातली एक कोऑर्डिनेटर